टॉर्चच्या सेलवरचा व्हॉल्व्ह

मुलुंडच्या आमच्या खोलीत माळ्यावर आजोबांचा रेडिओ पडून होता. गावी वीज नव्हती, म्हणून तो बॅटरीवर चालणारा. त्याची नव्वद व्होल्टची बॅटरी बाजारातून नाहीशी झाली आणि रेडिओ मुका झाला. ऐंशीच्या दशकात मी तो उघडला. मला त्यातला एक व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणारी काचेची नळी, हवा होता.

मी तेव्हा एका ऑर्केस्ट्रात मुख्य गिटार वाजवायचे. परदेशी रेकॉर्डवर ऐकू येतो तसा खरखरीत, ताणलेला सूर मला काढायचा होता. त्यासाठीचं पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायचा डबा, बाहेरून आणून देणारं माझ्या ओळखीत कोणी नव्हतं. मग मी तो स्वतःच करायला घेतला.

भाऊ टीव्ही दुरुस्त करायचा. नव्वद व्होल्टचा व्हॉल्व्ह मी अठरा व्होल्टवर चालवणार हे ऐकून म्हणाला, "मेणबत्तीवर पुरणपोळ्या भाजणार का गं?"

व्हॉल्व्हच्या काचेत एक बारीक तार असते. ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, भोवतीचा पत्रा त्यांना ओढतो, आणि मधली जाळी येणाऱ्या सुराप्रमाणे त्यांना कमीजास्त सोडते. तार तापवायला टॉर्चचा एक सेल पुरला. पत्र्याला नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. भावाने काचेत डोकावून, लाल होत नाही म्हणजे मेलाय, असं जाहीर केलं. या व्हॉल्व्हची तार इतकी बारीक की तिचा उजेड दिवसा दिसतच नाही. मी गिटार छेडली आणि स्पीकर खरखरला.

पत्र्याची ओढ कमी होती, तेच माझ्या पथ्यावर पडलं. हळू वाजवलं तर सूर स्वच्छ. जोरात वाजवलं की सुराच्या लाटेला वर-खाली जायला जागा उरत नाही, तिचे शेंडे घासले जातात. रेडिओत हा दोष. मला तोच हवा होता. डब्याला धक्का लागला की व्हॉल्व्ह टिंग करायचा, म्हणून रबरी चप्पल कापून त्याच्याखाली घातली.

घाटकोपरच्या एका गणपतीत कार्यक्रमाआधी आवाज तपासत होतो. माईकवाले काका धावत आले. आवाज फाटू नये म्हणून बटणं सांभाळण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी माझा स्पीकर चाचपला. तो धड होता. मग त्यांना डबा दिसला. मागोमाग मास्तर आले, म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक. डबा काढ, नाहीतर मुख्य गिटार दुसऱ्याला देतो, तू मागे बसून साथ कर, असं त्यांनी सुनावलं. बाई गिटार वाजवते एवढंच लोकांना पुष्कळ आहे, हेही वर.

"ताई, फाटतोय हो आवाज," काका कळवळून म्हणाले.

"फाटत नाहीये, काका. मी फाडतेय."

मास्तरांना म्हटलं, द्या दुसऱ्याला. मी गिटार आणि डबा घेऊन घरी जाते. दुसरा वाजवणारा त्या संध्याकाळी बोरिवलीच्या मांडवात होता. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. ते पडद्यामागे गेले.

तपासणीपुरता मी आईने उन्हात ठेवून जगवलेला जुना सेल घातला होता. पडदा उघडायच्या आधी तो काढला आणि पर्समधला कोरा बसवला. कोऱ्या सेलवर तार जास्त तापते, सूर आणखी फुगतो आणि त्याचे शेंडे जास्त घासले जातात.




आता डबा आवाज आणखी फाडणार होता.