काचेच्या टेबलावरचा माऊस

रोह्याच्या कारखान्यात माल रवाना करण्याच्या विभागात आम्ही दोघे कारकून होतो. कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी स्पष्ट सांगितले, कॉम्प्युटर एक, त्यामुळे माणूसही एकच लागेल. महिन्याने परीक्षा. जो मागे पडेल त्याची बदली गुजरातमधल्या कारखान्यात. माझी आई पेणला अंथरुणाला खिळलेली; तिला सोडून जाणे मला शक्य नव्हते. दुसरे कारकून माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांना मी दादा म्हणायचो. ते कासूला राहत. घरी बायको, दोन मुली, थोडी भातशेती. चौदा वर्षे आम्ही एकाच गाडीने येत-जात होतो.

टायपिंग दोघांनाही येत होते. अडत होते ते माऊसपाशी. त्या काळच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती फिरली तरच पडद्यावरचा बाण हलायचा. आमच्या टेबलावर काच होती आणि काचेवर गोळी फिरण्याऐवजी घसरायची. हात पुढे जायचा, बाण तिथेच.

"हा उंदीर नाय रे, म्हैस हाय," दादा म्हणायचे. "पाण्यात बसली की उठायची नाय."

मी जेवणाच्या सुट्टीत मोजायला लागलो. पट्टी ठेवून माऊस सहा इंच ओढायचा आणि बाण ठरल्या जागी पोचतो का ते पाहायचे, असे दहा वेळा. काचेवर चार वेळा पोचला. वर्तमानपत्रावर सहा, पण कागद सरकायचा. घरून मेणकापड नेले, त्यावर सात. रजिस्टरच्या कापडी पुठ्ठ्यावर आठ, पण गोळीला सुताचा मळ चिकटायचा. शेवटी फिटरकडून, पाइपच्या जोडात घालतात त्या रबर शीटचा वीतभर तुकडा मागून घेतला. दहापैकी दहा.

त्या दिवशी दादा रजेवर होते. तुकडा मी डब्याच्या पिशवीत ठेवला. ते परत आल्यावरही बाहेर काढला नाही.

परीक्षेला कॉम्प्युटरवर मालाची दहा चलने भरायची होती. माझा नंबर पहिला. तुकडा काचेवर ठेवला, अकरा मिनिटांत काम संपवले, तुकडा पिशवीत घातला आणि बाहेर आलो. दादा आत गेले. दारातून मला त्यांचा हात दिसत होता. ओढायचा, उचलायचा, पुन्हा ओढायचा. आत जाऊन एक वाक्य बोलायला मला वेळ होता. सव्वीस मिनिटे होता.

निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता, पण दोघांनाही तो कळला होता. संध्याकाळी गाडीने नागोठणे सोडले. मग दादा म्हणाले, "गेटवर फिटर भेटला व्हता. रबर बरा चालला म्हणं तुला?"

"हो."

"म्हणजे काचेचाच दोष व्हता." ते जरा हसले. "मला वाटला, माझाच हात म्हातारा झाला."

कासू आले. "आईला जप," म्हणाले आणि उतरले.

पुढच्या महिन्यात ते गुजरातला गेले. मला टेबल मिळाले, खुर्ची मिळाली, आणि रोजची तीच गाडी. कासूचा फलाट ज्या बाजूला येतो ती बाजू सोडून मी बसायला लागलो. पण गाडी कासूला थांबायची ती थांबायचीच.