बाबांचा ळ

दिवाळीनंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, समज पूर्ण शाबूत होती, पण जीभ ढिली पडली आणि बोलणं लापशीसारखं झालं. हिंदी मुलखातल्या या शहरात, थाटीपुरच्या आमच्या घरी आठवड्यातून तीनदा एक स्पीच थेरपिस्ट येऊ लागली. पंचविशीची, हिंदी बोलणारी, भलती धीराची मुलगी. माझा धीर पहिल्याच आठवड्यात संपला.

प, ट, क बाबांना जमत होते. तिथे हवा पुरती अडवायची आणि सोडायची. घोडं अडलं य आणि व पाशी. य म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलायचा, पण टेकवायचा नाही. व ला खालचा ओठ वरच्या दातांजवळ न्यायचा, पण हवा अडू द्यायची नाही आणि घासूही द्यायची नाही. कुठलंही काम अर्ध्यावर सोडणं बाबांना जन्मात जमलं नव्हतं. ते ओठ गच्च मिटत आणि ब काढत. "अंकल जी, होंठ पास लाइए, मिलाइए मत," ती पुन्हा पुन्हा सांगे. ते पुन्हा पुन्हा मिटत.

मग ल आला. जिभेचं टोक दातांमागे टेकवून हवा दोन्ही बाजूंनी जाऊ द्यायची. तिच्या कागदावर लकडी, लोटा, लड्डू असे शब्द होते. बाबांनी कागद बाजूला सारला आणि डाव्या हाताने वाकडातिकडा ळ काढला. तिने कागद आडवा फिरवून, हा इंग्रजी आठचा आकडा आहे का, असं विचारलं. मी समजावल्यावर म्हणाली, असा उच्चार पुस्तकात वाचलाय, ऐकला नाही. तुम्ही म्हणून दाखवा. आणि तिने माझ्या तोंडात टॉर्च मारला.

मी 'फळ' म्हटलं. बाबांनी मान हलवली. परत म्हटलं. त्यांनी टेबलावर हात आपटला. पंचवीस वर्षं ऑफिसात हिंदी बोलून माझा ळ कधीच ल झाला होता, आणि मला पत्ताही नव्हता.

"बाबा, आजारी तुम्ही आहात, मी नाही," मी चिडून म्हणाले.

त्यांनी कागदावर लिहिलं, 'जीभ मागे वळव.'

मग काय, जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावत आम्ही दोघी बाबांसमोर फळ, केळं, बाळ म्हणत बसू लागलो. आठवड्यातून तीनदा ऑफिसला उशीर, तीनदा साहेबांची बोलणी. त्यात बाबा माझ्याच चुका काढत. स्वतःचं तोंड मात्र उघडत नसत.

दुसऱ्या महिन्यात एकदा जेवताना त्यांनी घास तोंडात घेतला, थांबले आणि म्हणाले, "डाळ जळली."

दोन्ही ळ खणखणीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तितकाच संतापही. एवढ्या खटाटोपानंतर पहिलं धड वाक्य, तेही तक्रारीचं. थेरपिस्टला ऐकवावं म्हणून फोन लावून त्यांच्यासमोर धरला, तर तोंड मिटून बसले.

व अजून आलेला नाही. वरणाला ते 'बरण' म्हणतात. परवा थेरपिस्ट त्यांची समजूत काढायला म्हणाली, इथे निम्मं शहर व चा ब करतं, चालून जाईल. त्या दिवशी बाबा तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत.