मध्यंतरातला सत्कार

रायपूरमध्ये मराठी सिनेमा आणण्याचा गुन्हा मी आयुष्यात एकदाच केला, आणि त्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला.

राज्य नवं होतं, मॉल त्याहून नवे होते. आमची मुक्ता तेव्हा अकरावीत. तिला मराठी सगळी कळायची, पण तोंडातून निघायची हिंदी. मी म्हणायचो, "मुक्ता, पाणी आण." ती म्हणायची, "ला रही हूँ, पप्पा." (पाणी यायचं, मराठी यायची नाही.) नागपूरला आजीसमोर ही पोरगी नुसती हसत बसायची, त्याचं मला फार वाईट वाटायचं. एक झकास मराठी सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहिला की हिची जीभ सुटेल, असं मी डोक्यात घेतलं.

आणि तसा सिनेमा येत होता! दोन्ही मुख्य कलाकार माझे लाडके. पण रायपूरला तो लावणार कोण? मॉलमधल्या मॅनेजरनं अट घातली, "भैया, हॉल भर दो, संडे सुबह का शो आपका." झालं! नव्या रायपुरातल्या ऑफिसला जाता-येता बसमध्ये आणि चौबे कॉलोनीत दारोदार मी प्रचार सुरू केला. ट्रेलर सोडून मी काहीही पाहिलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना बजावायचो, "दोन रुमाल आणा, एक पुरणार नाही."

आमच्या मराठी मंडळाची रीत अशी की कोणी काही केलं की त्याचा सत्कार करायचा, तोही मध्यंतरात. (शेवटी ठेवला तर माणसं गाड्या काढायला पळतात.) मंडळाचे अध्यक्ष वानखेडे काका, रेल्वेतून रिटायर झालेले, सदर बाजारातून माझ्यासाठी खास शाल घेऊन आले. ऐन मे महिन्यात, लोकरीची.

हॉल भरला. सिनेमा सुरू झाला. नायिका काय रडली! नायक नुसता खिडकीबाहेर बघायचा आणि आपलीही मान आपोआप तिकडे वळायची. दोघांनी जीव ओतला होता, फक्त कशासाठी ते लेखकानं सांगितलं नव्हतं. गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत एका बंगल्यात शिरली आणि तिथंच बसली. नायिकेनं चार वेळा बॅग भरली आणि चारही वेळा रिकामी केली.

"अवो," बायको कुजबुजली, "हे बाई जाते का नाही एकदाची?"

"थांब ना. आता सुरू होईल."

"काय सुरू होईल? अर्धा पिक्चर झाला."

मी मुक्ताकडे पाहिलं. ती मोबाइलमध्ये. मी मनातून पार खचलो.

मध्यंतर झालं. दिवे लागले आणि वानखेडे काका माईक घेऊन पडद्यासमोर उभे राहिले. "ज्यायच्यामुळं आपण आज हा पिक्चर पाहून राहिलो," ते म्हणाले आणि जरा थांबले, "त्यायले समोर बोलवू."

"हव, बोलवाच त्याले," मागून कोणीतरी म्हणालं.

माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. टाळ्या एकट्या बायकोनं वाजवल्या, त्याही कर्तव्य म्हणून.

"दोन शब्द बोला," काका म्हणाले.

"कलाकारांनी काम फार चांगलं केलं," मी म्हणालो.

"तुमी काहून केलं?" तिसऱ्या रांगेतून प्रश्न आला.

आणि हॉलची जीभ सुटली. आठवडाभर एकमेकांशी हिंदीत बोलणारी आमची माणसं अस्सल मराठीत सिनेमाची सालं काढू लागली. कोणी बॅगेवर घसरलं, कोणी बंगल्यावर, बरेचसे माझ्यावर. मान खाली घालून जागेवर आलो, तर मुक्ताचा मोबाइल बंद.

"पप्पा, ते बाई इतकी रडून राहिली, पण काहून रडून राहिली?"

नारळ माझ्या हातातून सुटता सुटता राहिला. बायको माझ्याकडे बघायला लागली, मी बायकोकडे. मुक्ताला पत्ताच नव्हता. उत्तरार्धात नायिकेनं पाचव्यांदा बॅग काढली तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "आई, आता मी जाऊन भरून देऊ का तिले?" अख्खा हॉल हसला. शेवटच्या करुण प्रसंगापर्यंत तर लोक डोळे पुसत होते. (रुमाल दोन लागले. माझा शब्द खरा ठरला.)

बाहेर मॅनेजर खूश होऊन उभा. "भैया, कॉमेडी थी क्या? अगले महीने दूसरी लगाऊँ?"

मी घाबरत मुक्ताकडे पाहिलं.

"लावू द्या ना, पप्पा," ती म्हणाली. "मी येतो. पण पिक्चर तुमी नका निवडू."

मी शाल घरापर्यंत काढली नाही. लेकीच्या तोंडून एका दमात इतकी मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ती सगळी माझ्याच विरोधात होती!