दहावर थांबायचं

एर्मेलिंदाच्या बापाने तिला जन्मात एकदाच मारलं, ते देवाच्या ढोलाला हात लावला म्हणून. सात वर्षांची होती. ते ढोल शपथ घेतलेल्या बाप्यांचे. बाईने शिवायचे नाहीत, अशी मातान्सास गावची रीत. मारून झाल्यावर बापालाच चुटपुट लागली. तो गोदीत हमाल. दुसऱ्या दिवशी खारवलेल्या माशांची रिकामी पेटी डोक्यावर घेऊन आला, एका अंगाला पातळ फळी ठोकली आणि म्हणाला, "ही बडव. हिच्यासाठी तुला कुणी अडवणार नाही."

त्याला आता पन्नास वर्षं झाली. दिवसा दोरखंडाच्या कारखान्यात घायपाताचा धागा ओढायचा आणि रविवारी, कुणाच्या घरी मेलेल्या माणसाला बोलवायचं असेल तिथे, पेटी घेऊन जायचं. मेलेल्यांना पेटी चालते. मधली अकरा वर्षं ती वारादेरोच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात जॅझच्या ताफ्यातही होती. पियानो, ट्रम्पेट आणि हिची पेटी. उन्हात भाजून लाल झालेले पाहुणे टाळ्या द्यायचे. मग ट्रम्पेटवाला मायामीला गेला तो आलाच नाही, पियानोवाला माद्रिदला गेला तोही नाही. शेवटी ती आणि एक खुळखुळे वाजवणारा उरला. तेवढ्यावर जॅझ होत नाही.

पोरगी यूसिमी नऊ वर्षांपूर्वी गेली. स्पेनमध्ये हेरेसला म्हाताऱ्यांची उस्तवार करते. तिथेच तिला मुलगी झाली, आल्बा. सहा वर्षांची झाली तरी एर्मेलिंदाने तिला फोनच्या काचेतच पाहिलेलं. दोनदा व्हिसा मागितला, दोनदा नाकारला. दुसऱ्या वेळी खिडकीतल्या बाईने विचारलं, "परत येणार कशावरून?" एर्मेलिंदा विचार करत उभी राहिली. त्या उभं राहण्यातच उत्तर गेलं.

म्हणून खिनेसची बातमी आली तेव्हा ती थेट रेनेरिओकडे धावली. हेरेसचाच गिटारवाला. त्यांच्याकडचं फ्लामेंको, जॅझ आणि इथली पेटी असा मेळ घालून गावोगाव वाजवणार होता. मातान्सासचा एकच पेटीवाला निवडून नेणार. कागदपत्रं सगळी तोच करणार. चार महिन्यांनी येणार होता.

"बारा मात्रा आहेत रेनेरिओ," ती म्हणाली. "आपल्याही बारा, त्यांच्याही बारा."

रेनेरिओ म्हणजे मेलेल्यांची गाणी म्हणणारा म्हातारा, तिच्या बापाचा दोस्त. "मग झालंच की! सासर आणि माहेर एकाच गल्लीत. जा बये, आणि तिकडून मला दातांची कवळी पाठव. वरची आणि खालची. एकच पाठवशील, चिकटे."

पण यूसिमीने फोनवर वेगळंच सांगितलं. "आई, ते बारापासून मोजायला लागतात."

"बारापासून? मग एक कुठं गेला?"

"बाराच्या मागून येतो. आणि दहावर बंद करतात. दहावर ठप्प, मग श्वास."

"आणि अकराला काय करतात, जेवतात?"

"काही नाही करत आई. गप्प राहतात."

"अगं, तिथंच तर आपली कुदळ बोलते!"

कुदळीचं जुनं पातं लोखंडाने वाजवायचं, त्या ठणठणाटावर बाकी सगळं उभं राहतं. ते पातं एर्मेलिंदाच्या कानात जन्माआधीपासून वाजत होतं. तरी तिने हट्ट धरला. धागा ओढताना, पावाच्या रांगेत, वीज गेलेल्या घरात भात निवडताना तिचं सुरू: बारा, एक, दोन... दहा. ठप्प. पावाच्या रांगेतल्या बाया म्हणू लागल्या, "मेलीला पोरीच्या आठवणीने भ्रम झाला." तिने ऐकलं नाही. हळूहळू हात दहावर थांबायला लागला. दहातल्या सात वेळा तरी.

चार महिन्यांनी खिनेस आला. मंगळवारी सकाळी संस्कृती केंद्राच्या दिवाणखान्यात त्याने तिला अदबीने खुर्ची दिली. "सेन्योरा, आधी तुमचं वाजवा."

तिने वाजवलं. त्याच्याबरोबरचा ट्रम्पेटवाला डोळे मिटून बसला. खिनेस मांडीवर थाप मारून "ओले!" म्हणाला. मग त्याने गिटार उचलली.

पहिली आवर्तनं नीट गेली. तिच्या ओठांवर आकडे होते, हात आकड्यांमागून चालत होता. मग गिटार तापली, लय चढली आणि तिला बरं वाटलं. बरं वाटलं तिथेच घात झाला. दहावर गिटार थांबली, आणि त्या शांततेत तिच्या पेटीचे दोन ठोके खणखणीत पडले. पुढल्या आवर्तनात पुन्हा. तिसऱ्या वेळी तिने ओठ चावून हात रोखला. इतका रोखला की पुढचा ठोका परक्या माणसाचा असावा तसा उशिरा आला.

खिनेसने तारांवर पंजा ठेवला. "सेन्योरा, तुम्ही चुकत नाही. तीच अडचण आहे. तुम्ही दुसरंच काहीतरी बरोबर वाजवताय."

"बसवीन मी. अजून थोडे दिवस द्या."

"शुक्रवारी निघतोय आम्ही."

लिएनिसला घेतलं. राजधानी हाबानाच्या संगीतशाळेत शिकलेली चोवीस वर्षांची पोर. तीन उन्हाळे एर्मेलिंदाच्याच ओसरीवर बसून पेटी शिकली होती. ती मांडीवर ताल लिहिलेला कागद ठेवून वाजवत होती. तिच्या हातात ऊब कमी होती, पण दहावर पेटी अशी मिटायची, की पुढे काही बोलायचं राहिलंय असं वाटूच नये.

"मावशी..." ती मागून दारापर्यंत आली.

"तिकडं थंडी असते. पायमोजे घे लोकरीचे," एर्मेलिंदा म्हणाली आणि निघाली.

फोनवर यूसिमी म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू आई." ती म्हणाली, "बघू की." मागून आल्बाचा आवाज आला, तिकडच्या बोलीतला, अर्धी अक्षरं गिळणारा: "म्हणजे ती बाई येणार नाही?" यूसिमीने फोनवर हात ठेवला, पण उशिरा ठेवला.

रविवारी दुपारी रेनेरिओच्या घरी त्याच्या भावाला बोलवायचं होतं. पाण्याचा ग्लास मांडला, चिरूट पेटली, रमचे थेंब उंबऱ्यावर पडले. एर्मेलिंदा नेहमीसारखी मुख्य पेटीवर. पातं वाजू लागलं, रेनेरिओने गाणं उचललं. भावाची विधवा मध्ये उभी राहून डुलायला लागली. तिच्या अंगात तो यायचा. खांदे हलले, मान मागे गेली. आता येणार म्हणून सगळे सरकून बसले.

आणि एर्मेलिंदाचा हात दहावर थांबला.

गाण्यात भोक पडलं. पातं एकटंच ठणठणलं. रेनेरिओने गाता गाता तिच्याकडे पाहिलं. तिने सावरलं, पुढच्या आवर्तनात हात पुन्हा थांबला, ठप्प, अगदी बिनचूक. त्या सकाळी खिनेससमोर हवा होता तसा.

विधवेने डोळे उघडले. इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाणी द्या गं कुणीतरी."

गाणं थांबलं. "कुठं गेलीस पोरी?" रेनेरिओने विचारलं.

"इथंच आहे."

"नाहीस," म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

ती उठली. तिच्या जागी रेनेरिओचा पुतण्या बसला, गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. स्वयंपाकघरात रताळी उकडत होती, तिथे ती स्टुलावर बसली. आतलं पातं स्पष्ट ऐकू येत होतं. ती मांडीवर अंगठ्याने सम धरू पाहायला लागली. एकदा इथून मोजलं, एकदा तिथून. दोन्हीकडून बारा भरत होत्या, पण सुरुवात कुठली ते कळेना. आत कुणीतरी आनंदाने ओरडलं. मेलेला भाऊ आला होता. एर्मेलिंदाने अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला आणि तसाच धरून ठेवला.