शेवटच्या थांब्याचं तिकीट

जिथे उतरायचं नाही, तिथलं तिकीट तुम्ही कधी काढलं आहे? चुकून नव्हे, मुद्दाम? नसेल, तर तुम्ही फाटेआत्याला ओळखत नाही. आणि आपल्या जिल्ह्याचं जंगलही तुम्ही अजून नीट पाहिलेलं नाही, असं मी बेधडक म्हणते.

फाटेआत्या वसईजवळच्या होळी गावची. खाडीकडच्या अंगाला तिची वाडी. वांगी, अळू, वालाच्या शेंगा, कडेने केळी. सहा दिवस ती वाडीत नाहीतर बाजारात असायची आणि रविवारी सकाळी विरारहून सुटणाऱ्या लाल गाडीत, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत. ही गाडी मनोर घेते, विक्रमगड घेते, मग जव्हारच्या बाजूला घाट चढते आणि एका फाट्यावर मुख्य रस्ता सोडून आत वळते. आत चार किलोमीटरवर करवंदमाळ नावाचा पाडा आहे. तोच शेवटचा थांबा. आत्या तिकीट काढायची करवंदमाळचं आणि उतरायची फाट्यावर. दर रविवारी! म्हणून कंडक्टरनेच तिला 'फाटेआत्या' हे नाव दिलं होतं.

जंगल बघायला म्हणून त्या गाडीत चढून पहिल्यांदा तिच्या शेजारी बसले तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, तुम्ही तर फाट्यावर उतरणार ना? मग पुढचं तिकीट कशाला?"

तिने मागे वळून पाहिलं. "'तुम्ही' कोनाला म्हणतेस? माझ्या मागे कोन उभं आहे का? तू म्हण." मग पिशवी मांडीवर घेत म्हणाली, "फाट्यापर्यंत मानसं भरपूर. पुढे उरतात पाच-सहा. मास्तरच्या मशीनमध्ये आत जानारी मानसंच दिसली नाहीत, तर गाडी आत कशाला जाईल? मी नाही गेले तरी माझं तिकीट जातं ना!"

कंडक्टर हसून म्हणाला, "आणि तेही अर्धं."

"तिकीट अर्धं असलं म्हणून बाई अर्धी बसत नाही, मास्तर. बेल मारा."

मी विरारच्या मनवेलपाड्यात वाढले ती पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. बाबांचा गोखिवऱ्याला एका गाळ्यात छोटा छापखाना. पाणी नाही, काढा पत्रक. शाळेची फी वाढली, काढा पत्रक. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. त्यामुळे अन्यायाविरुद्ध काय करायचं, हे मला पाठ होतं: ठळक अक्षर आणि तीन उद्गारचिन्हं. पण एक बाई, कोणालाही न सांगता, एका पाड्याची गाडी आपल्या तिकिटाने धरून ठेवते, ही लढाई मी कुठल्याच पत्रकात वाचली नव्हती.

पाड्याशी तिचं नातं म्हणाल, तर काशी. काशी फाट्यावर राहायची. दोघींची ओळख कधीकाळी मनोरच्या आठवडे बाजारात झालेली. काशीची लेक करवंदमाळात दिली होती. रविवारी तीच गाडी आत जाऊन परत फिरली की लेक त्यातून अर्ध्या तासात आईकडे यायची आणि संध्याकाळच्या फेरीने घरी जायची. आत्या केळीच्या पानात गुंडाळून वांग्याची रोपं आणायची, काशी तिला त्या त्या हंगामात शेवळं, करवंदं, कंद द्यायची. "गाडी तुटली तर पोरीचा रविवार तुटेल," एवढंच आत्या म्हणायची.

तिच्या मुलाकडे मोठी पांढरी मोटार होती. तो सारखा म्हणायचा, आई, मी सोडतो, दोन तासांत पोचशील. आत्याचं उत्तर ठरलेलं: "मोटारीत कोन? तू नि मी. घरी कोन? तू नि मी. मग एवढं बाहेर कशाला पडायचं?"

खरंच सांगते, त्या खिडकीतून जे दिसतं ते मोटारीतून दिसत नाही. गाडी उंच, खिडकी उघडी, वेग बेताचा. फेब्रुवारीत पळस पेटलेला असतो आणि त्याची फांदी हाताला लागेल इतकी जवळ येते. मार्चमध्ये मोहाच्या फुलांचा गोड, जड वास गाडीत शिरतो आणि सगळी गाडी एकदम गप्प होते. ऐनाचं खोड मगरीच्या पाठीसारखं, हे मला एका आजोबांनी दाखवलं. त्यांच्या पिशवीतून एक कोंबडी माझ्याकडे टक लावून पाहत होती. "झाडाचं नाव शेजारच्याला विचारायचं," हा आत्याचा नियम. "त्याला येत नसेल तर तो पुढच्याला विचारील. उतरेपर्यंत सगळी गाडी बोलायला लागते." एकदा कोणीतरी माझ्या मांडीवर बाळ ठेवलं आणि ते विक्रमगडपर्यंत तिथेच झोपलं. कुणाचं होतं, ते उतरताना कळलं!

आता माझी चूक सांगते. ती लपवली तर हे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

गाडी आत जाणं बंद करायचं घाटतंय, असं एका रविवारी गाडीतच कानावर आलं. मी पेटले. रात्रभरात पत्रक लिहिलं. करवंदमाळच्या अलीकडचा धबधबा, साग, दरीतलं धुकं, सगळं ओतलं त्यात. या! पाहा! हे जंगल आपलं आहे! बाबांनी छापलं, मी विरार-नालासोपाऱ्यात वाटलं आणि फोटो काढून मोबाइलवर सोडून दिलं.

लोक आले. जुलैच्या एका रविवारी इतके आले की विचारू नका. मोटारी घेऊन आले! फाट्यापासून धबधब्यापर्यंत त्या एकेरी रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोटारी लागल्या आणि आमची गाडी फाट्यावरच अडली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला. खाली उतरून कंडक्टर ओरडून आला. कोणी हललं नाही. शेवटी आत जाणाऱ्या सहा जणांना उतरवून गाडी तिथूनच मागे फिरली.

"असे दोन-तीन रविवार झाले तर कायमचीच इथून फिरेल," जाताना कंडक्टर म्हणाला.

त्या सहा जणांत काशीची लेक होती. शनिवारी मनोरला दवाखान्यात गेलेली, तापातून उठलेलं मूल कडेवर आणि हातात तांदळाची पिशवी. आत्याने तिच्याकडून मूल घेतलं, मी पिशवी घेतली आणि आम्ही मोटारींच्या मधून निघालो. एका काचेआड माझं पत्रक दिसलं. लाल शाई, तीन उद्गारचिन्हं. धबधब्यापर्यंत मी मान वर केली नाही. तिथे पाड्याची दोन माणसं समोरून आली, त्यांनी मूल आणि पिशवी घेतली आणि आम्ही परत फिरलो.

काशीच्या ओट्यावर आत्याने रस्त्यात सापडलेलं ओलं पत्रक गुडघ्यावर पसरून वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"झाडं लिहिलीस. धबधबा लिहिलास. सरकारला चार शिव्या पन छान लिहिल्यास," ती म्हणाली. "गाडीचा टाइम कुठाय?"

मी वाकून पत्रक पुन्हा वाचलं. टाइम कुठेच नव्हता.

"अगं पोरी, लोकांना बोलावलंस आनि कसं यायचं ते सांगितलंच नाहीस. मग ते त्यांच्या सवयीने आले. त्यांची चूक नंतर बघू."

काशी हसायला लागली. मला रडू येत होतं, पण ती इतकी हसली की मीही हसले.

पुढचं पत्रक आत्याने सांगितलं आणि मी लिहिलं. पाच ओळींचं. गाडी कुठून सुटते, किती वाजता सुटते, परत कधी येते. डबा आणि पाणी घरून आणा. तिकीट करवंदमाळचंच मागा. एकही उद्गारचिन्ह नाही; बाबांनी दोनदा विचारलं, "हे आपलंच ना?" पहिल्या रविवारी चार जण आले, पुढच्या वेळी नऊ. मनवेलपाड्यातल्या आमच्या चाळीतल्या तिघी, होळी गावच्या दोन भाजीवाल्या, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, जे पहिल्या वळणाला घाबरले आणि तिसऱ्या वळणाला गाऊ लागले. गाडी आत जात राहिली.

या जानेवारीत आत्या गाडीत चढताना पायरीवर थांबली. गुडघा वर येईना. कंडक्टरने वरून हात दिला, मी खालून रेटलं. आत बसल्यावर ती म्हणाली, "मास्तर, करवंदमाळ." आणि फाटा आला तेव्हा उठलीच नाही. काशी खाली वाट बघत उभी होती. आत्याने खिडकीतून हाक मारली, "ये वर, आज मी आत जाते!" दोघी शेजारी बसल्या. इतक्या वर्षांत आत्याने तो शेवटचा थांबा पाहिलाच नव्हता.

एक वडाचं झाड, एक हातपंप, गाडी वळवण्यापुरतं मोकळं मैदान. काशीची लेक धावत आली. आत्याने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "बरं झालं बाई. एवढी वर्षं ज्याचं तिकीट काढलं, ते गाव खरंच आहे."

ती तिची शेवटची फेरी. आता पायरी चढवत नाही. रविवारी ती वाडीत खुर्ची टाकून बसते आणि मी परतले की फोन करते. कशी आहेस वगैरे काही नाही. एकच प्रश्न: "आज आत किती गेली?" मी खरा आकडा सांगते. कधी अकरा, कधी सात. गेल्या रविवारी तीन होते. मी 'तीन' म्हटलं. ती लगेच म्हणाली, "चार धर. मी पन आहे." मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही आणि तीन हा आकडा पुन्हा सांगायचा नाही.

म्हणून, येत्या रविवारी मोटारीची किल्ली घरी खिळ्याला राहू द्या. विरारला या आणि त्या लाल गाडीत बसा. तुम्ही लांब कुठे राहत असाल तर तुमच्या स्टँडवरून सुटणारी अशी गाडी शोधा, जिच्या पाटीवरचं गाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही. खिडकी उघडा, शेजारच्याला एका झाडाचं नाव विचारा. आणि कंडक्टरने कुठे जायचं म्हणून विचारलं, की उतरायचं कुठेही असो, शेवटच्या थांब्याचं तिकीट मागा.