काकूंची वेगळी लाइन

समोरच्या माणसानं बोलायला तोंड उघडलं की काकू त्याच्या हातात पेन ठेवायच्या. "तोंडानं नको. लिहून दे." मग तो माणूस कोणी का असेना. कागद त्यांच्याजवळ असायचाच. जुन्या कॅलेंडरची पानं चौकोनी कापून त्यांनी कमरेच्या बटव्यात ठेवलेली असत.

एकदा निवडणुकीत वॉर्डातला एक उमेदवार दारात येऊन हात जोडून बराच वेळ बोलला. काकू त्याच्या तोंडाकडे पाहत उभ्या होत्या. त्याचं संपल्यावर त्यांनी पेन पुढं केलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि लिहिलं, "नमस्कार". काकूंनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "एवढंच होतं काय?" म्हणाल्या. उमेदवाराबरोबरची माणसंसुद्धा हसली.

पांढरकवड्याला आमचं आणि त्यांचं घर समोरासमोर होतं. मी तिथल्या कॉलेजात शिकवत होते. काकू कोर्टात टायपिस्ट होत्या. नोकरी संपता संपता कान अधू झाले आणि घरी बसल्यावर पार गेले. कानाचं यंत्र लावून पाहिलं. "कापसाच्या जिनिंगमधी उभं राह्यल्यावानी वाटते. आवाज लय, बोलणं कोणाचंच नाही," असं म्हणून त्यांनी ते डबीत घालून ठेवलं, ते कायमचं. ऐकू येत नाही हे त्यांनी कधी लपवलं नाही, आणि त्याबद्दल कुणापुढं ओशाळल्याही नाहीत. ज्याला त्यांच्याशी बोलायचं असेल त्यानं कष्ट घ्यावेत, असा त्यांचा साधा हिशेब होता.

घरात मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. मुलगा एका खासगी कंपनीत होता आणि त्याचं बरंचसं काम घरूनच चालायचं. माणसं वाईट नव्हती. पण बहिरं माणूस घरात असलं की चांगल्या माणसांनाही एक खोड लागते. तुम्हीही पाहिलं असेल. जेवताना सगळे हसतात, ते माणूस विचारतं, काय झालं? आणि कोणीतरी म्हणतं, "काही नाही, नंतर सांगतो." ते नंतर कधी येत नाही. काकू मात्र घास हातात धरून बसायच्या. "नंतर कवा? आत्ताच सांग." विनोद लिहून द्यावा लागायचा, आणि कागदावर तो विनोद उरायचा नाही.

संध्याकाळी केबलवर मालिका लागायच्या. काकू ओठ वाचायचा प्रयत्न करायच्या, पण पडद्यावरची माणसं पाठ फिरवून बोलतात. मग त्या सुनेला विचारायच्या. सून बिचारी पोळ्या लाटता लाटता खुणेनं सांगायची, भांडण चाललं. पंधरा मिनिटं दोन बाया तावातावानं बोलायच्या, रडायच्या, एक घर सोडून जायची, आणि काकूंच्या वाट्याला एवढंच यायचं, भांडण चाललं. "भांडण चाललं हे मलेबी दिसून राह्यलं. कायचं चाललं?" त्या म्हणायच्या. त्याचं उत्तर द्यायला कुणाला सवड नसायची.

एका संध्याकाळी त्या वाटीभर कढी घेऊन आमच्याकडे आल्या. आमच्याकडे नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि आम्ही त्यावर एक हिंदी मालिका पाहत होतो. खाली संवादाची अक्षरं चालू राहिली होती. ती बंद कशी करायची हे आम्हाला सापडलं नव्हतं. काकू वाटी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. ओठ हलत होते. मग न विचारता सोफ्यावर बसल्या. मध्येच मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "दूर कुत्तं भुंकते म्हणून आलं खाली. खरंच भुंकलं काय?"

मी मान हलवली. खरं तर माझं लक्षच नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर मला ते भुंकणं आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्या रफिकभाईच्या दुकानात गेल्या. गल्लीतली केबल रफिकभाईचीच. पुढचा प्रसंग त्यानंच मला सांगितला. काकूंनी केबल बंद करायला सांगितली, तेव्हा त्यानं लिहून विचारलं, चॅनल तं सगळे येऊन राह्यले, काहून बंद करता? काकूंनी विचारलं, तुझ्या तारेतून खाली अक्षरं येतात काय? रफिकभाईनं लिहिलं, नाही. "मंग बंद," काकू म्हणाल्या. रफिकभाईला वाईट वाटायचं कारण नव्हतं. केबल सोडणारी माणसं आता रोजच येत होती, म्हणून त्यानंही नागपूरच्या एका कंपनीचं इंटरनेट घरोघर द्यायला सुरुवात केली होती. त्याच आठवड्यात काकूंच्या घरी लाइन आली.

स्पीड किती घ्यायचा हे मुलानं ठरवलं. आईचं नुसतं पाहणं आहे, म्हणून सगळ्यात कमी घेतला. दुपारी सगळं ठीक चालायचं. संध्याकाळी मात्र मुलाची मिटिंग, नातीचा ऑनलाइन क्लास, सुनेचा मोबाइल, सगळं एकदमच चालू व्हायचं आणि काकूंचा पडदा गोठायचा. नायिकेचं तोंड उघडं आणि मध्यभागी ते गोल गोल फिरणारं चक्र. घरातल्यांनी तोडगा काढला, आईनं दुपारी पाहावं. काकू म्हणाल्या, "दुपारी कायले? संध्याकाळ काय तुमच्याच नावावर हाय?"

त्या रविवारी मी त्यांच्याकडेच होते. टीव्ही बिघडला की काय ते पाहायला त्यांनी मला बोलावलं होतं. काकूंनी चक्र पाहून रिमोट टेबलावर आपटला आणि मुलाला हाक मारली. त्यांचा आवाज किती मोठा होतो हे त्यांना कळत नसे. मिटिंगमधल्या सगळ्यांनी ती हाक ऐकली असणार. मुलगा तणतणत बाहेर आला.

"आई, तुले ऐकूच येत नाही, तं तुले कायले पाह्यजे स्पीड?"

काकू त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांनी बटव्यातून कागद काढला, पेन त्याच्या हातात ठेवलं.

"लिहून दे."

त्यानं पेन धरलं. कागदाकडे पाहिलं. बोलून गेलेलं ते वाक्य त्याला लिहिता येईना. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शेवटी त्यानं पेन टेबलावर ठेवलं, "राहू दे" असं पुटपुटला आणि आत गेला. काकूंनी कोरा कागद घडी करून परत बटव्यात ठेवला.

"मले समजलं होतं," त्या मला म्हणाल्या. "त्याले समजाले पाह्यजे होतं." त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच बारीक ऐकला मी.

मुलानं दोन दिवसांनी जास्त स्पीड घ्यायची तयारी दाखवली. पण तोवर काकू रफिकभाईकडे जाऊन आल्या होत्या. त्यांना स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पेन्शनवर, स्वतःची लाइन हवी होती. रफिकभाई चपापला. एकाच घरात मायलेकाच्या दोन लाइनी त्यानं कधी टाकल्या नव्हत्या. उद्या गल्ली म्हणेल रफिकनं घर फोडलं. त्यानं कागदावर समजुतीचं बरंच काही लिहिलं. काकूंनी ते सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "तू तार टाक. घराचं मी पाहीन."

लाइन आली. वेगळी चूल मांडावी तशी काकूंनी वेगळी लाइन घेतली, अशी गल्लीत चर्चा झाली. मुलगा काही दिवस मान खाली घालून ये-जा करायचा. मला वाटलं होतं काकूंना मोठ्या स्पीडची लाइन लागेल, पण रफिकभाईनं त्यांना सगळ्यात लहानच दिली. "एका टीव्हीले एवढं लय झालं, मॅडम. कमी स्पीड नोता पडत. वाटणीत मरत होता," तो मला म्हणाला. काकूंच्या खोलीत पुन्हा चक्र फिरलं नाही.

काकूंचं तेवढ्यावर भागलं नाही. मराठी सिनेमे लावले तर खाली इंग्रजी अक्षरं यायची. काकू भडकल्या. बोलणारे मराठी, पाहणारी मराठी, अन् अक्षरं कायले इंग्रजी? सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीकडे मोबाइलवर तक्रार करता येते हे नातीनं दाखवल्यावर त्यांनी दर आठवड्याला तक्रार टाकायला सुरुवात केली. टायपिस्टची बोटं, काही मिनिटांत पानभर मजकूर व्हायचा. आपले आभारी आहोत, असं ठरीव उत्तर यायचं. काकू त्या उत्तराखालीही लिहायच्या, आभार नको, अक्षरं द्या.

रफिकभाईची अम्मी त्यांच्याकडे संध्याकाळी यायला लागली ती साधारण याच सुमाराला. अम्मीला ऐकू कमी यायचं आणि देवनागरी वाचता येत नव्हतं. मग काकू पडद्यावरचं वाचून अम्मीच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगायच्या. नायिका म्हणाली की मी हे घर सोडून चालली. सासू म्हणाली की जा. ज्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नव्हता त्या काकू, आणि त्यांचा आवाज पार चौकापर्यंत. आमच्या गल्लीत कित्येकांनी ती मालिका पाहिली नाही, पण तिच्यात काय झालं हे सगळ्यांना माहीत असायचं. एकदा मालिकेत कोणाचा तरी खून झाला, तेव्हा शेजारचे सावजी धावत आले होते.

मग नालीचं काम निघालं. जेसीबीनं गल्ली एका कडेनं उकरली आणि खोदताना रफिकभाईची तार तुटली. सगळ्या गल्लीचं इंटरनेट गेलं. जोड लावायला नागपूरच्या कंपनीचा माणूस यावा लागणार होता, आणि तो आज येतो, उद्या येतो चाललं होतं. तिकडं मुकादमाला नालीत सिमेंट ओतायची घाई. एकदा सिमेंट पडलं की तार खाली गाडली जाणार होती. मग नवी तार कधी येईल ते कंपनीलाच ठाऊक. आम्ही सगळे घरात बसून मोबाइलचा नेट पुरवून वापरत होतो आणि कुरकुरत होतो.

सकाळी बाहेर पाहिलं तर काकू प्लास्टिकची खुर्ची घेऊन खड्ड्याच्या काठावर, जेसीबीच्या पुढ्यात बसलेल्या. ऊन नको म्हणून डोक्यावरून पदर. मुकादम आला, हातवारे केले, ओरडला. त्याच्याही हातात पेन गेलं. त्यानं लिहिलं, आजी उठा. काकू म्हणाल्या, "तार जुडली की उठते म्हणा म्हातारी." गर्दी जमली. कोणीतरी मुलाला बोलावून आणलं.

मुलगा आला तेव्हा मला भीती वाटली. मुकादम त्याला म्हणाला, "तुमच्या आईले समजवा, साहेब. त्याईले ऐकूच येत नाही, आमी कसं सांगावं?"

मुलानं एकदा आईकडे पाहिलं. "ऐकू येत नाही," तो म्हणाला. "समजते सगळं. जोड लागेपर्यंत थांबा तुमी."

मग तो घरात गेला आणि दुसरी खुर्ची घेऊन आला. आईच्या शेजारी मांडली आणि बसला. काकूंनी खुणेनं विचारलं, काय झालं? त्यानं मोबाइल काढला आणि टाइप करायला लागला. मुकादम काय म्हणाला ते, स्वतः काय म्हणाला ते, काही न गाळता. काकूंनी चष्मा वर करून सगळं वाचलं. मग पदराचं टोक त्याच्या डोक्यावर ओढता येतं का पाहिलं, ते पुरेना, म्हणून सोडून दिलं.

त्यांना पाहून सून चहा घेऊन आली, अम्मी आली, मीही गेले. ऊन कलायला लागलं तेव्हा कंपनीचा माणूस गाडीवरून आला. एवढी माणसं खड्ड्याभोवती बसलेली पाहून त्यानं घाईघाईनं पेटी उघडली. जोड लागला. रफिकभाईनं हात वर करून खूण केल्यावरच काकू उठल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, "हां, टाक आता तुह्यं सिमेंट."

त्यानंतर मुलानं त्यांना लिहून विचारलं, आता आपण दोन्ही मिळून एकच मोठी लाइन घेऊ काय? काकूंनी नाही सांगितलं. "माह्यी वेगळी राहू दे. तू येत जाय पाह्याले." तो संध्याकाळी त्यांच्या खोलीत जायला लागला.

पुढल्या वर्षी त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर मुलाला बाजूला नेऊन बोलायला लागले, तेव्हा काकू खाटेवरून म्हणाल्या, "तिकडं नाही. दुखणं माह्यं हाय, मले सांगा." डॉक्टर परत आले, स्टूल ओढून बसले. सगळं कळल्यावर काकूंनी ऑपरेशनला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी घरी आल्या. पौष महिन्यात त्या गेल्या.

त्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले होते. खोलीत मुलगा, सून, नात, सगळेच खाटेभोवती होते आणि एक विनोदी सिनेमा चालू होता. काकू उशीला टेकल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. पडद्यावरचा माणूस बोलायच्या जरासा आधी त्याची अक्षरं खाली उमटत होती. हे तोवर माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या माणसानं नुसता श्वास घेतला होता आणि काकू हसल्या, अगदी खळखळून. आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. मग तो माणूस बोलला, आणि मग आम्ही हसलो.