शिंजिराचं घरटं आणि सुमतीची वात

आमच्या खोताच्या वाडीतले अच्युतराव म्हणजे पक्षिशास्त्रज्ञ! हसू नका, ते स्वतःच सांगत. दहा ते पाच फोर्टात कारकुनी आणि रविवारी गॅलरीत दुर्बीण. संयुक्त महाराष्ट्र समितीचा मोर्चा दारावरून गेला तरी हे डोळ्यांवरची दुर्बीण काढायचे नाहीत. भित्रे ते भित्रे, वर ऐट केवढी!

सत्तावन्न साली त्यांच्या गॅलरीत कपड्यांच्या तारेला शिंजिराने घरटं टांगलं. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू, बाकदार चोचीने फुलातला मध पिणारं. मादी कोळ्याच्या जाळ्याने घरटं विणते, हे त्यांच्या बायकोने, सुमतीने पाहिलं. म्हणून पाडवा तोंडावर आला तरी तिने कोपऱ्यातली जळमटं काढली नाहीत. मी, तिची शेजारीण कालिंदी, तिला घाणेरडी म्हणाले. अजून वाईट वाटतं.

नर काय करायचा? छाती फुगवून शेजारी गायचा. पण पिलं झाल्यावर भरवायला तरी यायचा. अच्युतरावांनी तेवढंही कधी केलं नाही. पाखरांच्या फेऱ्या दिवसभर सुमती मोजायची, भिंतीवर कोळशाने रेघा मारून. संध्याकाळी अच्युतराव त्या रेघा वहीत उतरवून घ्यायचे.

"लेखात माझंही नाव घालाल?" तिने एकदाच विचारलं.

"स्वैपाकघरातली नावं शास्त्रात येत नसतात," अच्युतराव म्हणाले. मेल्याची जीभ कशी झडली नाही!

लेख छापून आला. 'मी सलग एकतीस दिवस निरीक्षण केले.' अहो, मग ऑफिसात कोण जात होतं, यांचं भूत? पुढे म्हणे, 'घरट्याला आतून रानातल्या सावरीचा कापूस.'

तो वाचून मासिकाचे संपादक, नाना, घरी आले. पिलं केव्हाच उडाली होती, घरटं तारेला तसंच लोंबत होतं. नानांनी ते उतरवून हलक्या हाताने उलगडलं. आतून अख्खी वळलेली वात निघाली.

"सावरीला वाती लागतात होय, अच्युतराव?"

अच्युतराव दुर्बीण पुसायला लागले.

"ती माझी," चहा घेऊन आलेली सुमती म्हणाली. "देवाच्या वाती वळायला मी गॅलरीत बसायचे. माझ्या डब्यातून पाखरू कापूस न्यायचं. एकतीस दिवस मीच मोजलेत."

नानांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली. "बसा वहिनी. पहिल्या दिवसापासून सांगा."

सुमती बसली. बसता बसता नवऱ्याला म्हणाली, "अहो, दूध संपलंय. तेवढं घेऊन या."

आणि आमचे पक्षिशास्त्रज्ञ किटली घेऊन निमूट जिना उतरले.